बर्मिंगहॅमचे बंद पडलेले व्हिक्टोरियन पब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या मिडलंड्स भागात नव्याने राहायला आलेली मराठी मंडळी, इथे शिकणारे विद्यार्थी आणि महाराष्ट्रातले जुन्या वास्तूंचे चाहते या विषयावर सतत प्रश्न पाठवत असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा रोख दोन इमारतींकडे असतो: हँड्सवर्थमधला ‘रेड लायन’ आणि न्यू स्ट्रीट स्टेशनच्या मागचा ‘क्राउन’. कायद्याची माहिती फक्त इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

१. सोहो रोडवर भर बाजारात एक नक्षीदार जुनी इमारत दिसते. ती कसली?

तो रेड लायन पब. १९०१-०२ मध्ये बांधलेला. आराखडा बर्मिंगहॅमच्याच ‘जेम्स अँड लिस्टर ली’ या वास्तुविशारदांचा. दर्शनी भाग पूर्ण टेराकोटाचा, म्हणजे भाजलेल्या मातीचा आहे आणि आतल्या भिंतींना रंगीत, चकचकीत टाइल्स आहेत. आजूबाजूला साड्यांची, दागिन्यांची, मिठाईची दुकानं आणि जवळच गुरुद्वारा, त्यामुळे आपल्यातल्या अनेकांनी ही इमारत शंभरदा पाहिलेली असते, पण मान वर करून वरची कमान आणि नक्षी पाहिलेली नसते. ती जरूर पाहा. इमारतीला ‘ग्रेड २ स्टार’ हा संरक्षित दर्जा आहे. पब २००८ च्या सुमारास बंद पडला आणि पुढे हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा-संस्थेच्या ‘धोक्यातील वारसा’ यादीत गेला. दर्जाचा अर्थ प्रश्न ९ मध्ये दिला आहे.

२. राणी व्हिक्टोरिया तर जानेवारी १९०१ मध्ये वारली. मग १९०२ चा पब व्हिक्टोरियन कसा?

तारखेच्या हिशेबाने तो एडवर्डियन, म्हणजे तिच्यानंतरच्या एडवर्ड राजाच्या काळातला, हे खरं. पण त्याची कल्पना, त्यामागचा पैसा आणि कारागिरी १८९० च्या दशकातली आहे. परवान्यांची घासाघीस, नकाशे, टाइल्सच्या ऑर्डरी हे सगळं त्या दशकातल्या पब बांधण्याच्या लाटेतलं (ती प्रश्न ४ मध्ये), म्हणून वास्तूंचे अभ्यासकसुद्धा १८८० ते १९०२-०३ चे पब एकत्रच पाहतात. या पानावरही तसंच केलं आहे. ज्यांना अगदी चोख व्हिक्टोरियन इमारत हवी, त्यांच्यासाठी स्टेशन स्ट्रीटवरचा क्राउन १८८१ चा आहे.

३. क्राउन बाहेरून इतका साधा दिसतो. मग त्याचं एवढं नाव कशामुळे?

तिथे घुमलेल्या संगीतामुळे. १९६८ मध्ये जिम सिम्प्सन यांनी क्राउनच्या वरच्या मजल्यावर ‘हेन्रीज ब्लूज हाउस’ नावाचा क्लब सुरू केला. अ‍ॅस्टन या कामगार वस्तीतली चार पोरं तिथे वाजवू लागली: ऑझी ऑस्बॉर्न, टोनी आयोमी, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड. तेव्हा त्यांच्या बँडचं नाव ‘अर्थ’ होतं. पुढे ते ‘ब्लॅक सॅबथ’ झालं. जगभर ज्याला हेवी मेटल म्हणतात, त्याचा पाळणा या पबात हलला असं चाहते मानतात, आणि मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

क्राउन २०१४ पासून बंद आहे. ५ जुलै २०२५ रोजी शहरातल्या व्हिला पार्क या फुटबॉल मैदानावर ब्लॅक सॅबथचा निरोपाचा कार्यक्रम झाला आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला ऑझी गेले. तेव्हा जगभरातून लोक शहरात आले होते. ज्या खोलीतून हे सगळं सुरू झालं, तिचं दार त्यांच्यासाठी बंद होतं. याच छोट्या रस्त्यावर १९०९ चं इलेक्ट्रिक सिनेमागृह आहे (तेही २०२४ मध्ये बंद झालं) आणि १९१३ चं ‘ओल्ड रेप’ नाट्यगृह आहे. म्हणूनच इथल्या लोकांची मागणी एकट्या क्राउनपुरती नाही, ती पूर्ण स्टेशन स्ट्रीट वाचवण्याची आहे.

४. कारखान्यांच्या शहरात कामगारांसाठी एवढे राजवाड्यासारखे पब कुणी आणि का बांधले?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, म्हणून उत्तर जरा लांबवतो.

१८३० चा बिअरहाउस कायदा हे मूळ. जिन या कडक दारूचं व्यसन कमी व्हावं म्हणून सरकारने बिअर सोपी केली. घरपट्टी भरणाऱ्या कुणालाही दोन गिनी भरून बिअर विकायचा परवाना मिळू लागला, न्यायाधीशांकडे जायची गरज उरली नाही. गल्लीबोळांत, लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत हजारो बिअरहाउस उघडली. १८६९ मध्ये कायदा बदलला आणि परवान्याची किल्ली पुन्हा स्थानिक न्यायाधीशांच्या हाती गेली. तिथून नवे परवाने दुर्मीळ झाले आणि असलेल्या परवान्याची किंमत चढत गेली.

त्याच वेळी दारूबंदीची चळवळ जोर धरत होती. बर्मिंगहॅमच्या परवाना-न्यायाधीशांनी शतकाच्या अखेरीस एक तोडगा काढला. आर्थर चेंबरलेन हे त्यातले पुढारी, महापौर म्हणून गाजलेल्या जोसेफ चेंबरलेन यांचे धाकटे भाऊ. बिअर कंपनीने दाट वस्तीतले लहान, कळकट पब सोडून द्यायचे आणि त्या बदल्यात तिला एखादा मोठा, हवेशीर, देखरेख ठेवायला सोपा पब बांधायला परवानगी मिळायची. थोडे पण चांगले, असं ते धोरण. कंपन्यांकडे पैसाही आला होता. १८८६ मध्ये गिनेस या ब्रुअरीने (बिअर बनवणाऱ्या कंपनीने) शेअर बाजारात भांडवल उभं केल्यावर बाकीच्या ब्रुअरीही त्याच वाटेने गेल्या, आणि त्या पैशातून एकमेकींवर कुरघोडी करत पब विकत घ्यायची, नव्याने बांधायची चढाओढ लागली.

साहित्य स्वस्त झालं होतं हेही विसरू नये. काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्द झाला, विटांवरचा १८५० मध्ये. टाइल्स भाजणाऱ्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या भट्ट्या जवळच होत्या. कोळशाच्या धुराने काळवंडणाऱ्या शहरात टेराकोटा आणि टाइल्स यांचा मोठा फायदा असा की त्या धुता येतात. हा दिमाख हिशेबी होता, पण कारागिरांनी त्यात हिशेबापलीकडचा जीव ओतला आहे, हे टाइल्स जवळून पाहिल्यावर कळतं.

५. आत इतक्या लहान लहान खोल्या कशासाठी?

माणसं वेगळी ठेवण्यासाठी. ‘पब्लिक बार’मध्ये कामाच्या कपड्यांतले मजूर, साधी लाकडी बाकं, स्वस्त बिअर. ‘स्मोक रूम’मध्ये गादीची आसनं, शेकोटी, हाक मारायला घंटी, आणि त्याच बिअरला थोडी जास्त किंमत. एखादी चिमुकली ‘स्नग’, जिथे बायका किंवा कुणाच्या नजरेला पडायचं नाही अशी मंडळी बसत. बाटली किंवा जग भरून घरी नेण्यासाठी स्वतंत्र खिडकी असे, तिला बर्मिंगहॅमकडे ‘आउटडोअर’ म्हणत. काही पबांत काउंटरवर चेहऱ्याच्या उंचीला फिरत्या काचेच्या झडपा असत, म्हणजे सभ्य गिऱ्हाइकाचा चेहरा वाढप्यालाही दिसू नये. अ‍ॅस्टनमधल्या ‘बार्टन्स आर्म्स’मध्ये अशा झडपा आजही आहेत.

१९६०-७० च्या दशकांत बहुतेक ठिकाणी या भिंती पाडून एकच मोठा हॉल केला गेला. म्हणून जिथे मूळ खोल्या शिल्लक आहेत ते पब आज इतके मोलाचे. १९७१ मध्ये स्थापन झालेली ‘कॅम्रा’ ही बिअरप्रेमींची संघटना अशा शाबूत अंतर्भागांची राष्ट्रीय यादी ठेवते.

६. हा इंग्रजांचा वारसा. आपण भारतीयांनी त्यात का लक्ष घालावं?

कारण या भिंतींचा त्रास आपल्याच लोकांनी भोगला आहे आणि या जागा तगवल्याही आपल्या लोकांनी.

१९५०-६० च्या दशकांत पंजाबमधून आलेले कामगार स्मेथिक, हँड्सवर्थ, वेस्ट ब्रॉमिचच्या ओतशाळांमध्ये भट्टीपाशी राबत. पाळी संपल्यावर पबात गेले तर अनेक ठिकाणी त्यांना स्मोक रूममध्ये बसू देत नसत. कुठे पब्लिक बारपुरतं चाले, कुठे तेही नाही. वर्गभेदासाठी बांधलेल्या खोल्या वर्णभेदाला आयत्या मिळाल्या. इंडियन वर्कर्स असोसिएशनने याविरुद्ध लढा उभारला. गोरे आणि भारतीय साथी मिळून पबात जात, नकार मिळाला की तो परवान्याच्या सुनावणीत मांडत. त्यांचे नेते अवतारसिंग जौहल यांच्या निमंत्रणावरून १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेथिकला आले. ‘ब्लू गेट्स’ या पबच्या स्मोक रूममध्ये त्यांनाही काही द्यायला नकार मिळाला. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा आला आणि सार्वजनिक ठिकाणी असा भेदभाव बेकायदा ठरला.

पुढे बंद पडत चाललेले पब भारतीयांनी चालवायला घेतले. बिअरबरोबर तंदुरी मिक्स्ड ग्रिल, भिंतीवर कबड्डीपटूंचे फोटो, शनिवारी फुटबॉल आणि भांगडा. ‘देसी पब’ ही आता मिडलंड्सची ओळख आहे. रेड लायनच्या भवितव्याचा विचार करताना हा इतिहास समोर असायलाच हवा.

७. एवढे चांगले पब बंद का पडले?

एक कारण सांगता येत नाही. १९८९ च्या सरकारी आदेशाने मोठ्या ब्रुअरींना २,००० च्या वरच्या पबांपैकी निम्म्यांवरची पकड सोडायला लावली. उद्देश स्पर्धा वाढवण्याचा होता, पण बरेच पब मोठ्या मालमत्ता कंपन्यांकडे गेले, त्यांनी कर्ज काढून खरेदी केली होती आणि भाडेकरूंवर भार पडला. सुपरमार्केटमधली बिअर स्वस्त झाली. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये बंदिस्त जागेत धूम्रपानबंदी आली, २००८ पासून काही वर्षं बिअरवरचा कर महागाईपेक्षा जास्त वेगाने वाढवला गेला, आणि त्याच वेळी मंदी आली. कारखाने आधीच गेले होते, म्हणजे पाळी सुटल्यावर येणारं गिऱ्हाईकही गेलं. सन २००० मध्ये ब्रिटनमध्ये ६० हजारांवर पब होते, आता सुमारे ४५ हजार उरले आहेत.

माझ्या मते निर्णायक गोष्ट वेगळीच आहे. शहरात अनेकदा पबच्या धंद्यापेक्षा त्याखालची जमीन महाग असते. अशा वेळी बंद दार मालकाला नुकसानीचं वाटत नाही.

८. मग मालक विकत का नाही, किंवा दुरुस्त तरी का करत नाही?

भाव वाढेल, परवानगी मिळेल, शेजारची जागा घेऊन मोठा प्रकल्प करता येईल, अशी आशा असते. त्यात एक चमत्कारिक सवलत आहे. रिकाम्या व्यापारी इमारतीला साधारण तीन महिन्यांनंतर पूर्ण व्यवसाय-कर लागतो, पण संरक्षित यादीतली इमारत रिकामी असेल तर हा कर माफ असतो. हेतू मालकावरचं ओझं कमी करण्याचा, परिणाम मात्र असा की इमारत नुसती ठेवून देणं स्वस्त पडतं.

दरम्यान इमारत थांबत नाही. नाश जवळजवळ नेहमी वरून सुरू होतो. आधी पन्हळीत पानं आणि कबुतरांची घाण साठते. पाणी भिंतीत शिरतं. छतावरचं शिसं चोरीला जातं, मग पाऊस थेट आत. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर गेला की इथली कुप्रसिद्ध बुरशी धरते. तिचे तंतू विटांच्या भिंतीतून आरपार जाऊन पलीकडच्या खोलीतलं कोरडं वाटणारं लाकूडही पोखरतात. भिंतीतलं पाणी क्षार घेऊन बाहेर येतं आणि टाइल्स मागून ढकलून पाडतं. हिवाळ्यात गोठलेलं पाणी टेराकोटाचं भाजलेलं कवच उडवतं. त्यात कुणी चुन्याऐवजी कडक सिमेंटने सांधे भरले असतील तर ओल बाहेर पडायचा रस्ताही बंद.

म्हणून बंद पबासाठी काहीही करायचं असेल तर पहिला खर्च छत, पन्हळी आणि पाण्याच्या निचऱ्यावर. टाइल्सची साफसफाई नंतर. पन्हळ साफ करायला शिडी आणि एक दिवस पुरतो. ती तुंबू दिली तर पाच वर्षांनी आख्खा जिना बदलावा लागू शकतो.

९. संरक्षित यादीत असूनही इमारत ढासळते. मग त्या दर्जाचा उपयोग काय?

उपयोग मोठा आहे, पण अर्धा आहे. इंग्लंडमध्ये तीन दर्जे आहेत: ग्रेड १, ग्रेड २ स्टार आणि ग्रेड २. यादीतल्या ९० टक्क्यांहून जास्त इमारती ग्रेड २ आहेत. रेड लायन आणि बार्टन्स आर्म्स ज्या ‘२ स्टार’मध्ये येतात, तो गट सहा टक्क्यांच्या आत. दर्जा मिळाला की आत-बाहेर, अगदी बारच्या लाकडी फळीपर्यंत, इमारतीचं वैशिष्ट्य बदलणाऱ्या कामाला आधी संमती लागते. संमतीशिवाय काम करणं हा फौजदारी गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि अमर्याद दंड होऊ शकतो.

पण कायदा मालकाला ‘काही करू नको’ असं जितक्या जोराने सांगतो, तितक्या जोराने ‘दुरुस्त कर’ असं सांगत नाही. कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, दोन हत्यारं आहेत. एक, तातडीच्या कामाची नोटीस: छत झाकणं, टेकू देणं अशी कामं कौन्सिल स्वतः करून खर्च मालकाकडून वसूल करू शकते. दोन, दुरुस्तीची नोटीस: ती धुडकावली तर शेवटी सक्तीने खरेदी. दुसऱ्या वाटेने गेल्यास इमारत कौन्सिलच्या गळ्यात पडते, आणि बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने तर २०२३ मध्ये खर्च भागत नसल्याचं, म्हणजे जवळजवळ दिवाळखोरीच, जाहीर केलं. त्यामुळे नोटिसा कमी निघतात. नागरिकांनी लेखी पाठपुरावा केला तर निघतात.

१०. पब संरक्षित यादीत नसेल तर मालक सरळ पाडू शकतो का?

आता नाही. २३ मे २०१७ पासून इंग्लंडमध्ये कुठलाही पब पाडायला किंवा त्याचा वापर बदलायला नियोजन-परवानगी लागते. त्याआधी पबचं सुपरमार्केट परवानगीशिवाय होऊ शकत होतं, आणि शेकडो ठिकाणी तसं झालंही.

तरीही कुणी पाडलाच तर? लंडनच्या मेडा व्हेलमधल्या ‘कार्लटन टॅव्हर्न’ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हा व्हिक्टोरियन पब नाही, १९२० च्या सुमाराचा आहे. तो यादीत घ्यायचा विचार चालू असतानाच एप्रिल २०१५ मध्ये मालकाने बुलडोझर लावला. पण संशयाने आधीच हिस्टॉरिक इंग्लंडने इमारतीची बारकाईने नोंद करून ठेवली होती. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने होता तसा पुन्हा बांधायचा आदेश दिला, अपिलातही तो टिकला आणि एप्रिल २०२१ मध्ये तोच पब त्याच जागी पुन्हा उघडला. उलट ‘क्रुकेड हाउस’ हा डडलीजवळचा तिरका पब ऑगस्ट २०२३ मध्ये आग लागल्यावर दोन दिवसांत पाडला गेला. तो संरक्षित नव्हता.

यावरून एक काम लगेच करण्यासारखं आहे. तुमच्या भागातला जुना पब उघडा असेल तेव्हाच त्याच्या आतले-बाहेरचे नीट फोटो काढून ठेवा, टाइल्स, खिडक्या, छताची नक्षी, सगळं.

११. पबच चालवायचा असा हट्ट कशाला? तिथे हॉल, रेस्टॉरंट किंवा मंदिर झालं तर?

होऊ शकतं, पण परवानगी घेऊन. सप्टेंबर २०२० पासून पब हा नियोजनात स्वतंत्र वर्ग आहे. तो दुकान, रेस्टॉरंट किंवा प्रार्थनास्थळाच्या गटात बसत नाही. पब चालू ठेवून त्यात भरपूर जेवण देणं चालतं. पब बंद करून निव्वळ रेस्टॉरंट करणं हा वापरबदल.

वापरबदल म्हणजे काय हे महाराष्ट्राला लंडनमध्ये चांगलंच कळलं आहे. १० किंग हेन्रीज रोडवरचं घर, जिथे विद्यार्थिदशेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केलं. पण राहत्या घराचं संग्रहालय करायला परवानगी हवी होती. कॅम्डन कौन्सिलने ती नाकारली, २०१९ मध्ये चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये केंद्रीय मंत्र्याच्या निर्णयाने मान्यता मिळाली. हेतू कितीही थोर असला तरी अर्ज आधी करायचा, हे त्यातून घ्यावं.

माझं मत विचाराल तर: ज्या पबचा अंतर्भाग शाबूत आहे, तिथे पब किंवा त्याच्या जवळचा वापरच योग्य. खाणं-पिणं, गाणं, मुशायरे, लग्नाआधीचे कार्यक्रम, हे सगळं मूळ खोल्यांत बसतं. फ्लॅट केले की त्या खोल्या संपतात. सोहो रोडवर एखादा उत्तम देसी पब आणि वर सभागृह, यापेक्षा रेड लायनला साजेसं काही मला सुचत नाही.

१२. आम्ही पंचवीस-तीस कुटुंबं मिळून बंद पब विकत घेऊ शकतो का?

हो. पायरी पहिली: तो ‘समाजमूल्याची मालमत्ता’ म्हणून कौन्सिलच्या यादीत घालणं. २०११ च्या लोकॅलिझम कायद्यानुसार किमान २१ स्थानिक मतदारांचा साधा गटही हा अर्ज करू शकतो. नोंद पाच वर्षं टिकते. त्या काळात मालकाने विकायला काढला तर सहा आठवड्यांत तुम्ही ‘आम्हाला बोली लावायची आहे’ असं कळवायचं. कळवलंत की विक्री विकायला काढल्याच्या तारखेपासून सहा महिने थांबते, तेवढ्यात पैसे उभे करायचे.

अडचणी आधीच समजून घ्या. हा बोली लावायचा हक्क आहे, मालकाने तुम्हालाच विकावं असं बंधन नाही. चालू धंद्यासकट विक्री होत असेल तर थांबायचं बंधनही नाही. आणि अनेक वर्षं बंद असलेल्या पबाची नोंद करताना ‘नजीकच्या भूतकाळात’ तो लोकांच्या उपयोगाचा होता आणि पुन्हा होऊ शकतो, हे पटवावं लागतं. म्हणून बंद पडल्या पडल्या अर्ज करावा. जुलै २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात समाजाला खरेदीचा पहिला हक्क आणि बारा महिने देण्याची तरतूद आहे. अर्ज करताना त्या वेळी लागू असलेला नियम कौन्सिलकडून पक्का करून घ्या.

१३. पैसे किती लागतात आणि ते येतात कुठून?

इमारतीगणिक आकडा बदलतो, म्हणून एका खऱ्या उदाहरणावरून अंदाज घ्या. लंडनच्या नन्हेडमधला ‘आयव्ही हाउस’ हा देशातला समाजमूल्य यादीत नोंदलेला पहिला पब. २०१३ मध्ये तो ८ लाख १० हजार पौंडांना विकत घेतला गेला. ३७१ जणांनी शेअर घेऊन सुमारे १ लाख ४३ हजार पौंड उभे केले, बाकी कर्ज आणि अनुदान.

शेअर काढायचे तर ‘कम्युनिटी बेनिफिट सोसायटी’ हा प्रकार सोयीचा. त्यात कितीही शेअर घेतले तरी एका माणसाला एकच मत. आपल्याकडच्या सहकारी संस्थेची सवय असलेल्याला हे लगेच उमगतं. शेअरचा भाव वाढत नाही, तो बाजारात विकता येत नाही, फक्त सोसायटीच्या नियमांनुसार परत करता येतो. गुंतवणूक म्हणून कुणाला यात ओढू नका. कर्जासाठी ‘आर्किटेक्चरल हेरिटेज फंड’, अनुदानासाठी ‘नॅशनल लॉटरी हेरिटेज फंड’ ही पाहायची दारं. सरकारचा १५ कोटी पौंडांचा ‘कम्युनिटी ओनरशिप फंड’ डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला. जुन्या लेखांत त्याचं नाव दिसलं तर त्यावर हिशेब मांडू नका.

१४. बर्मिंगहॅममध्ये असा एखादा पब खरंच पुन्हा उभा राहिला आहे का?

बार्टन्स आर्म्स. १९०१ मध्ये उघडलेला, तोही जेम्स अँड लिस्टर ली यांचाच, ‘मिचेल्स अँड बटलर्स’ ब्रुअरीसाठी. जवळच्या अ‍ॅस्टन हॉल या सतराव्या शतकातल्या प्रासादाची छाप त्याच्यावर आहे. वर घड्याळाचा मनोरा, आत मिंटन-हॉलिन्सच्या टाइल्स, शिकारीचं भलंमोठं टाइलचित्र, लोखंडी नक्षीचा जिना. समोर अ‍ॅस्टन हिप्पोड्रोम होतं, त्यामुळे रंगमंचावरचे कलाकार इथे येत. लॉरेल आणि हार्डीही आले होते.

१९६० च्या दशकाअखेर रस्तारुंदीसाठी तो पाडायचा घाट होता. लोकांच्या विरोधाने वाचला. आजूबाजूची वस्ती मात्र पाडली गेली, आणि पब हमरस्त्याकाठी एकटा राहिला. शतकाच्या शेवटी तो बंद पडला. मग पीटरबरोच्या ओकहॅम एल्सने घेऊन दुरुस्त केला आणि स्वतःच्या बिअरबरोबर थाई जेवण सुरू केलं. टाइल्स तशाच ठेवल्या आणि स्वयंपाकघर बदललं, हे शहाणपण मला फार मोलाचं वाटतं. कर्झन स्ट्रीट स्टेशनजवळचा ‘वुडमन’ही याच वास्तुविशारदांचा आणि असाच पुन्हा उघडलेला. त्याच्याजवळचा ‘ईगल अँड टन’ मात्र एचएस२ या नव्या वेगवान रेल्वेसाठी पाडला गेला.

१५. आम्ही दारू पीत नाही. तरी हे पाहण्यात काही अर्थ आहे?

नक्कीच आहे. चालू पबात कॉफी किंवा लिंबू-सोडा मागितला तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मिंटनची फरशी पाहिली असेल, तर बार्टन्स आर्म्समध्ये पाऊल टाकताच तिच्या भावंडांची ओळख पटेल.

१६. बंद पबचा दारूचा परवाना जिवंत असतो का?

असू शकतो. २००३ च्या कायद्याखालचा परवाना साधारणपणे मुदतीविना असतो. वार्षिक शुल्क थकलं तर तो स्थगित होतो, रद्द नाही. पण परवानाधारक वारला, दिवाळखोर झाला किंवा त्याची कंपनी विसर्जित झाली, तर परवाना संपतो. तो वाचवायला २८ दिवसांत हालचाल करावी लागते. खरेदीआधी कौन्सिलच्या परवाना-नोंदवहीत पाहून घ्या.

१७. आत जाऊन फोटो काढले तर गुन्हा होतो का?

नुसतं शिरणं हा सहसा दिवाणी स्वरूपाचा अतिक्रमणाचा मामला. पण कुलूप तोडलं तर फौजदारी. पबच्या वर मालकाचं राहतं घर असे, आणि राहत्या जागेत घुसून मुक्काम करणं २०१२ पासून गुन्हा आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. कायदा बाजूला ठेवला तरी जाऊ नका. बुरशीने पोखरलेली लाकडी जमीन वरून शाबूत दिसते आणि खाली तळघर असतं. जुन्या पाइपांभोवती अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. सप्टेंबरमधल्या ‘हेरिटेज ओपन डेज’मध्ये अनेक एरवी बंद इमारती मोफत उघडतात, त्यांची यादी पाहा.

१८. बंद पबातून कुणी टाइल्स किंवा रंगीत काचा काढून नेताना दिसलं तर काय करू?

चोरी डोळ्यांसमोर चालू असेल तर ९९९, होऊन गेली असेल तर १०१. ‘ही संरक्षित इमारत आहे, हा वारशाशी संबंधित गुन्हा आहे’ असे शब्द वापरा, म्हणजे नोंद योग्य ठिकाणी जाते. माणसं दुरुस्तीवाल्यांच्या कपड्यांत असली, व्हॅनवर कंपनीचं नाव असलं, तरी कळवा. प्रश्न ९ मध्ये सांगितल्याप्रमाणे मालकालाही संमतीशिवाय टाइल्स काढता येत नाहीत. त्याच दिवशी कौन्सिलच्या नियोजन-अंमलबजावणी विभागाला आणि संवर्धन अधिकाऱ्याला ईमेल करा: पबचं नाव, तारीख, वेळ, रस्त्यावरून काढलेले फोटो. उत्तरात तक्रार क्रमांक मागा आणि दोन आठवड्यांत काही कळलं नाही तर तोच क्रमांक घालून तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला लिहा.